पापुद्र्याची विद्या

सौर पंपाच्या पॅनेलचा निळा रंग सिलिकॉनचा नसतो. सिलिकॉनची चकती मुळात राखाडी, धातूसारखी चकाकती असते आणि अंगावर पडलेल्या उजेडातला जवळपास तिसरा हिस्सा ती तसाच माघारी फेकते. जो उजेड माघारी गेला त्याची वीज झाली नाही. म्हणून कारखान्यात त्या चकतीवर सिलिकॉन नायट्राइडचा थर चढवतात. त्याची जाडी साधारण ७५ नॅनोमीटर. माणसाचा केस ७० हजार नॅनोमीटर जाड धरला, तर त्याच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास. या थराच्या वरच्या बाजूवरून परतणारी प्रकाशलहर आणि खालच्या बाजूवरून परतणारी लहर यांचे चढउतार एकमेकांच्या उलट पडतात, दोघी एकमेकींना पुसून टाकतात आणि उजेड परतण्याऐवजी आत उतरतो. जाडी लाल-पिवळ्या उजेडासाठी बेतलेली असते. निळ्याचा हिशेब तितका जुळत नाही, तो थोडा सुटतो, आणि रिसोड-मालेगावच्या शिवारात विहिरीच्या कडेला उभे असलेले पॅनेल आपल्याला निळसर दिसते.

हा थर ब्रशने लागत नाही आणि बुडवूनही लागत नाही. बंद पेटीतली हवा उपसून काढतात, सायलेन आणि अमोनिया हे वायू आत सोडतात आणि विजेने त्यांचा प्लाझ्मा करतात. म्हणजे वायूचे रेणू फोडून त्यांचे क्रियाशील तुकडे करतात. चारशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या चकतीवर हे तुकडे येऊन बसतात आणि बसल्या जागी एकमेकांशी बंध जोडतात. उजेड अडवण्याचे किंवा आत घेण्याचे, गंज रोखण्याचे, ओल रोखण्याचे, वीज वाहून नेण्याचे काम असे पातळ थर करतात. त्यांना पृष्ठलेपन म्हणतात. घराच्या दाराला लावलेला ऑइल पेंट याच घराण्यातला, फक्त जाडीने हजारपट.

वाशीमहून या विद्येची वाट नागपूरला जाते. शेलूबाजारला किंवा कारंज्याला समृद्धी महामार्गावर चढावे, नागपुरात उतरून अमरावती रोड गाठावा. तिथे लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था आहे. सगळे तिला ‘एलआयटी’च म्हणतात. कामठीचे मॅंगनीज खाणमालक डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठाला पस्तीस लाखांहून अधिक रुपये ठेवले आणि त्या पैशातून १९४२ साली ही संस्था उभी राहिली. २०२३ साली तिला स्वतंत्र राज्य विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेल तंत्रज्ञान आणि रंग-लेपन तंत्रज्ञान हे तिथले जुने विषय. त्याच आवारातल्या भौतिकशास्त्र विभागातून एन. थेजो कल्याणी यांनी नागपूर विद्यापीठाचे संजय ढोबळे यांच्याबरोबर सेंद्रिय प्रकाशदिव्यांवर, म्हणजे ‘ओएलईडी’वर, बरेच संशोधन प्रसिद्ध केले आहे, त्यांच्या सुरुवातीच्या कामात नागपूरहून कोरियाच्या क्युंग ही विद्यापीठात गेलेले रामचंद्र पोडे हेही होते. (इथल्या ‘सेंद्रिय’चा शेणखताशी संबंध नाही. कार्बनच्या रेणूंचे रसायन, एवढाच अर्थ.)

रंगवाले आणि इलेक्ट्रॉनिक्सवाले एका आवारात, याचे अनेकांना नवल वाटते. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात तर दोन्ही कामे एकाच संस्थेच्या छपराखाली आली. फ्राउनहोफर संस्थांच्या जाळ्यातली ‘एफईपी’ ही संस्था १९९१ पासून इलेक्ट्रॉनचा झोत आणि प्लाझ्मा वापरून पृष्ठभागांवर थर घालण्याचे काम करत होती. २०१४ साली सेंद्रिय इलेक्ट्रॉनिक्सचे एक केंद्र तिच्यात विलीन झाले. हे प्रशासकीय सोयीने झाले असेल असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. माझे मत वेगळे आहे. सेंद्रिय इलेक्ट्रॉनिक्समध्ये निम्म्याहून अधिक काम लेपनाचेच असते, आणि दिवा टिकणार की विझणार हे लेपनच ठरवते. ते कसे, हे पाहण्यासाठी सुरुवात जवसापासून करावी लागेल.

विदर्भात रब्बीला जवस मुबलक असायचा. आता त्याची जागा बहुतेक ठिकाणी हरभऱ्याने घेतली आहे, पण सुताराच्या आणि रंगाऱ्याच्या दुकानात बेलतेलाचा डबा अजून दिसतो. तेच उकळलेले जवसाचे तेल. काचेच्या तुकड्यावर त्याचा पातळ हात द्या. एक-दोन दिवसांत तिथे तेल राहत नाही. नखाने ओरबाडता येईल असा पिवळसर, लवचीक पापुद्रा तयार होतो. गोडेतेलाचे असे होत नाही, शेंगदाण्याचे तेल महिनाभर ठेवले तरी चिकटच राहते.

फरक मेदाम्लांत आहे. तेलाच्या प्रत्येक रेणूत ग्लिसरॉलच्या कण्याला मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. जवसाच्या तेलात यांतल्या निम्म्या किंवा त्याहून जास्त साखळ्या लिनोलेनिक आम्लाच्या. अठरा कार्बनची ही साखळी, आणि तिच्यात तीन दुहेरी बंध. एक दुहेरी बंध, मग मध्ये दोन हायड्रोजन घेऊन बसलेला एक कार्बन, मग पुढचा दुहेरी बंध, अशी मांडणी. दोन दुहेरी बंधांच्या मध्ये सापडलेल्या त्या कार्बनवरचा हायड्रोजन सैल असतो. तो निघाला की तिथे अर्धवट राहिलेला बंध हवेतल्या ऑक्सिजनला धरतो, पेरॉक्साइड बनते, पेरॉक्साइड फुटते, आणि फुटलेले टोक शेजारच्या रेणूला जाऊन चिकटते. हे लाखो ठिकाणी घडत गेले की सुटे रेणू उरत नाहीत, सगळ्यांचे मिळून एक जाळे होते. तेल ‘वाळले’ म्हणतो तेव्हा त्यातून पाणी उडून गेलेले नसते. उलट ऑक्सिजन घेतल्यामुळे पापुद्र्याचे वजन वाढलेले असते.

या प्रक्रियेत उष्णता निघते. पातळ थरातून ती उडून जाते, पण जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि कुणी काडी न लावता त्या पेट घेऊ शकतात. सुतारकाम करणाऱ्याने त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून टाकाव्यात.

वाळण्याचा वेग वाढवायला रंगात ‘ड्रायर’ घालतात: कोबाल्टचे क्षार, मॅंगनीजचे क्षार. या धातूंचे अणू एक इलेक्ट्रॉन देतात, परत घेतात, पुन्हा देतात, आणि त्या ओघात पेरॉक्साइड फोडत जातात. मॅंगनीजच्या पैशातून उभ्या राहिलेल्या संस्थेत मॅंगनीजचे हे काम शिकवले जावे, हा योगायोग मला आवडतो.

वाशीमचे खरिपाचे मुख्य पीक सोयाबीन. त्याच्या तेलात लिनोलेनिक आम्ल थोडे, साधारण सात-आठ टक्के; पण दोन दुहेरी बंधांचे लिनोलेइक आम्ल निम्म्याच्या वर. म्हणून ते जवसासारखे झटपट वाळत नाही, आणि गोडेतेलासारखे नुसते पडूनही राहत नाही. एकट्याने रंगाला ते अपुरे, पण थॅलिक अनहायड्राइड आणि ग्लिसरॉल यांच्याशी त्याचा संयोग घडवला की अल्किड नावाचे रेझिन मिळते. बाजारातल्या ऑइल पेंटच्या डब्यात बहुधा हेच असते. जवसाच्या तेलाचा पापुद्रा काळाने पिवळा पडतो, सोयाबीनचा तितका पडत नाही. म्हणून पांढऱ्या एनॅमलसाठी सोयाबीनचे अल्किड पसंत करतात. बाजार समितीत आलेल्या सोयाबीनमधले बहुतेक खाण्याच्या तेलात आणि पेंडीत जाते हे खरे, पण एखाद्या शाळेच्या पांढऱ्या खिडकीच्या गजावर त्याचा थोडा अंश पोहोचतोच.

आता तेच दुहेरी बंध जरा सरकवून पाहू.

जवसाच्या साखळीत दोन दुहेरी बंधांच्या मध्ये दोन एकेरी बंध येतात. समजा मधला तो कार्बन काढला आणि दुहेरी, एकेरी, दुहेरी, एकेरी अशी अखंड मांडणी केली. मग काय होते? दुहेरी बंधातला दुसरा बंध ज्या इलेक्ट्रॉनांचा असतो ते कार्बनच्या प्रतलाच्या वर आणि खाली पसरलेले असतात. शेजारी-शेजारी आले की त्यांचे पसारे एकमेकांत मिसळतात आणि ते कुठल्या एका बंधाचे राहत नाहीत. सगळ्या साखळीचे होतात. अशा मांडणीला संयुग्मित साखळी म्हणतात. जवसाचे तेल वाळताना पहिल्याच पायरीवर असा एक सरकाव घडतो, पण त्यात जेमतेम दोन दुहेरी बंध जोडले जातात. वीज वाहण्यासाठी ही साखळी फार आखूड.

लांब साखळीचा शोध चुकीतून लागला. १९६७ साली टोकियोत हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत ॲसिटिलीन वायूचे बहुवारिक, पॉलिॲसिटिलीन, बनवताना उत्प्रेरक हजारपट जास्त पडला. नेहमी काळी भुकटी मिळायची, त्या दिवशी भांड्याच्या काठावर चकाकणारा पापुद्रा जमला. पुढे अमेरिकेतल्या ॲलन मॅकडायर्मिड यांना तो दाखवल्यावर त्यांनी शिराकावांना पेनसिल्व्हेनियाला बोलावून घेतले आणि ॲलन हीगर यांच्यासह तिघांनी त्या पापुद्र्याला ब्रोमिन आणि आयोडिनची वाफ दिली. वाफेने साखळीतले काही इलेक्ट्रॉन ओढून घेतले, रिकाम्या जागा तयार झाल्या, आणि वीज वाहण्याची क्षमता सुमारे कोटीपट वाढली. हे १९७७ साली प्रसिद्ध झाले. २००० साली तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. प्लॅस्टिक म्हणजे विजेच्या तारेवरचे वेष्टण, ही समजूत तेव्हापासून अपुरी ठरली.

मात्र सेंद्रिय पदार्थात वीज तांब्याच्या तारेत वाहते तशी वाहत नाही. साखळ्या किंवा रेणू एकमेकांना फार सैलपणे टेकलेले असतात. एका रेणूत इलेक्ट्रॉन मोकळा फिरतो, पण पुढच्या रेणूत जायला त्याला उडी घ्यावी लागते. टँकरजवळ ओळ करून उभी राहिलेली माणसे घागर हातोहात पुढे देतात, तसा तो पुढे सरकतो. म्हणून वेग अगदी मंद: सिलिकॉनच्या मानाने काही सेंद्रिय पदार्थांत इलेक्ट्रॉन कित्येक कोटी पटींनी संथ चालतो. यावर उपाय एकच, अंतर कमी करणे. थर इतका पातळ करायचा की संथ चालणाऱ्यालाही तो ओलांडता यावा.

हा उपाय सापडायला वेळ लागला. १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये मार्टिन पोप आणि सहकाऱ्यांनी अँथ्रासीनच्या स्फटिकातून वीज सोडून उजेड काढून दाखवला, पण त्याला ४०० व्होल्ट लागले. घरातला दिवा म्हणून त्याचा उपयोग शून्य. १९८७ साली कोडॅक कंपनीत चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी स्फटिक सोडून दिला आणि काचेवर दोन पापुद्रे घातले, एक ७५ नॅनोमीटरचा आणि दुसरा ६० नॅनोमीटरचा. दहा व्होल्टच्या आत हिरवा, डोळ्यांत भरणारा उजेड पडला. हिशेब सोपा आहे. शंभर नॅनोमीटरच्या थरावर पाच व्होल्ट लावले तर दर मीटरला पाच कोटी व्होल्ट इतके विद्युतक्षेत्र होते. एवढ्या ताणाखाली संथ इलेक्ट्रॉनही पळतात.

दिव्याची रचना खालून वर अशी. तळाला काच. काचेवर इंडियम आणि कथिल यांच्या ऑक्साइडचा थर, जो पारदर्शक असूनही वीज वाहून नेतो, हे धनाग्र. त्यावर एक सेंद्रिय थर, ज्याचे रेणू इलेक्ट्रॉन सहज सोडतात. इलेक्ट्रॉन सुटला की मागे रिकामी जागा राहते, आणि ती रिकामी जागा या थरातून पुढे सरकते. त्यावर उजेड देणारा थर, त्यावर इलेक्ट्रॉन वाहणारा थर, आणि सगळ्यांत वर ॲल्युमिनियमचे ऋणाग्र. वरून इलेक्ट्रॉन येतात, खालून रिकाम्या जागा येतात, मधल्या थरात त्यांची गाठ पडते. इलेक्ट्रॉन रिकाम्या जागेत उतरताना जेवढी ऊर्जा सोडतो तेवढीच प्रकाशकणाची ऊर्जा, आणि ऊर्जेवर रंग ठरतो. मोठी उडी असली तर निळा, लहान असली तर लाल.

इथे निसर्ग एक हिशेब लावतो. अशा चार भेटींपैकी सरासरी एकीतच सरळ उजेड निघतो. उरलेल्या तिन्हीत इलेक्ट्रॉनांची फिरकी अशी पडते की साध्या सेंद्रिय रेणूतून उजेड बाहेर येऊ शकत नाही, ऊर्जा उष्णतेत जाते. पाऊण भाग वाया. तो वाचवायला रेणूत जड धातूचा अणू बसवतात. १९९८ साली अमेरिकेत स्टीफन फॉरेस्ट आणि मार्क थॉम्पसन यांच्या गटाने प्लॅटिनम बसवून हे दाखवले; आता पडद्यांच्या लाल आणि हिरव्या रंगात इरिडियम वापरतात.

नागपूरच्या कामात युरोपियम आहे. युरोपियमचा अणू मधे, भोवती सेंद्रिय रेणूंचे कडे. कडे ऊर्जा पकडते, त्यात ती वाया जाणारी तीन-चतुर्थांशही आली, आणि आतल्या युरोपियमला देते. युरोपियमचे उजेड देणारे इलेक्ट्रॉन अणूच्या आतल्या कवचात असतात, बाहेरच्या रेणूंची त्यांना फारशी झळ लागत नाही. म्हणून त्याचा लाल फार नेमका असतो, ६१२ नॅनोमीटरच्या आसपास एक अरुंद रेघ. इतका शुद्ध लाल दुसऱ्या मार्गाने मिळवणे अवघड. तरीही फोनच्या पडद्यात युरोपियम नाही. त्याला मिळालेली ऊर्जा उजेडात सोडायला तो जास्त वेळ घेतो, आणि प्रवाह वाढवला की नव्या ऊर्जेला जागा मिळत नाही, कार्यक्षमता घसरते. मंद उजेडाला तो चांगला, प्रखर पडद्याला कमी पडतो. संशोधनात असे अडलेले प्रश्न पुष्कळ असतात आणि विद्यापीठाच्या प्रयोगशाळांनी ते हाताळत राहावेत असेच मला वाटते. कंपनी त्यांच्यात पैसा घालणार नाही.

आता प्रत्यक्ष कृती. दिवा बनवण्याच्या कामात सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत महत्त्वाची पायरी म्हणजे काच धुणे. साबणाचे पाणी, शुद्ध पाणी, ॲसिटोन, आयसोप्रोपाइल अल्कोहोल, प्रत्येक वेळी ध्वनिलहरींनी हलणाऱ्या टाकीत. शेवटी अतिनील किरण आणि ओझोन. पृष्ठभागावर बोटाचा तेलकट डाग राहिला तर त्यावर द्रावण पसरत नाही, थेंबथेंब गोळा होते. गंजलेल्या पत्र्यावर प्रायमर न मारता रंग लावणाऱ्यालाही हाच अनुभव येतो. थेंब पृष्ठभागाशी किती अंशाचा कोन करून बसतो हे मोजून पृष्ठभाग स्वच्छ झाला की नाही ते ठरवतात: पाणी पसरून सपाट झाले तर काच तयार.

मग थर घालायच्या दोन वाटा. लहान रेणूंसाठी निर्वात. पदार्थाची चिमूटभर भुकटी धातूच्या लहान पात्रात ठेवतात, पेटीतला दाब हवेच्या दाबाच्या अब्जाव्या भागापर्यंत उतरवतात आणि पात्र दोन-तीनशे अंशांपर्यंत तापवतात. वाटेत हवेचे रेणू नसल्याने वाफ सरळ रेषेत वर जाते आणि उलटी टांगलेली काच गाठते. शेजारी क्वार्ट्झचा एक कंप पावणारा स्फटिक असतो. त्याच्यावरही वाफ बसते, तो जड होतो, त्याचा कंप मंदावतो, आणि त्यावरून थर किती चढला ते नॅनोमीटरच्या अंशापर्यंत कळते. लांब साखळ्यांच्या बहुवारिकांना ही वाट बंद. तापवल्यावर त्यांची वाफ होत नाही, साखळ्याच तुटतात. ती द्रावणात विरघळवून काचेवर टाकतात आणि काच मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्यांनी फिरवतात. बहुतेक द्रावण कडेने उडून जाते, उरलेले सारख्या जाडीने पसरते, द्रावक सुकतो. हे थेट रंगाऱ्याचेच शास्त्र आहे: चिकटपणा, सुकण्याचा वेग, काठाला जाड कड राहणे, मध्ये टाचणीएवढी छिद्रे पडणे. रंगाच्या थरातले छिद्र गंजाला वाट देते. शंभर नॅनोमीटरच्या थरातले छिद्र वरच्या आणि खालच्या अग्रांची थेट गाठ घालून देते, आणि दिवा तिथल्या तिथे संपतो.

छिद्र न पडताही तो संपू शकतो, आणि त्याचे कारण पाणी. हवेतल्या ओलीने ऋणाग्राचा धातू गंजतो, सेंद्रिय थरापासून सुटतो आणि उजेडात काळे ठिपके पडू लागतात. ठिपके वाढत जातात. त्यामुळे दिव्यावर ओल रोखणारे आवरण लागते, आणि ते किती कडेकोट हवे याचा आकडा या क्षेत्रात सर्वांना पाठ असतो: एका चौरस मीटरमधून दिवसाला ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाहून जास्त पाणी आत जाता कामा नये. वाशीमच्या बसस्थानकावर टांगलेल्या चिप्सच्या पुडक्याशी तुलना करून पाहा. त्याच्या प्लॅस्टिकवर आतून ॲल्युमिनियमची नॅनोमीटरमध्येच मोजावी इतक्या जाडीची वाफ बसवलेली असते, आणि त्यातून एखादा ग्रॅम ओल गेली तरी चिप्स कुरकुरीत राहतात. दिव्याला त्याच्या दहा लाखपट चांगले आवरण हवे.

काच हे काम फुकटात करते; तिच्यातून ओल जातच नाही. पण गुंडाळता येणारा पडदा किंवा कापडावर शिवता येणारे सौर पॅनेल हवे असेल तर आधाराला प्लॅस्टिक घ्यावे लागते, आणि प्लॅस्टिक गळते. ड्रेस्डेनच्या संस्थेची ख्याती या एका अडचणीवर वर्षानुवर्षे काम करण्यात आहे. तिथे प्लॅस्टिकची शेकडो मीटर लांब गुंडाळी निर्वात पेटीतून एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते आणि जाता-जाता तिच्यावर ऑक्साइडचा थर बसतो. पद्धत अशी: आर्गॉन वायूचा प्लाझ्मा करायचा, आर्गॉनचे भारित अणू जस्त-कथिलाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीवर आदळवायचे, त्या धक्क्याने पट्टीतले अणू उडतात, वाटेत सोडलेल्या ऑक्सिजनशी जुळतात आणि गुंडाळीवर जाऊन बसतात. पट्टीमागे चुंबक ठेवून प्लाझ्मा तिच्याजवळ अडकवून ठेवतात, म्हणजे काम भराभर होते.

ऑक्साइड ओल अडवते, पण त्यात बारीक छिद्रे राहतातच. धुळीचा एक कण पुरतो. थर जाड केला तर छिद्र थरासोबत वर चढते, आणि वाकवल्यावर थर तडकतो. तोडगा असा निघाला: ऑक्साइडचा एक थर, त्यावर सेंद्रिय-असेंद्रिय मिश्र लेपाचा एक थर, त्यावर पुन्हा ऑक्साइड. मधला लेप खालची छिद्रे बुजवतो आणि पृष्ठभाग गुळगुळीत करतो, म्हणून वरच्या ऑक्साइडची छिद्रे दुसरीकडे पडतात. पाण्याच्या रेणूला आता एका छिद्रातून उतरून दुसरे छिद्र शोधेपर्यंत आडवा प्रवास करावा लागतो. तो प्रवास हजारो पटींनी लांब असतो. तेव्हा उजेड देणारे पापुद्रे दोन-तीनशे नॅनोमीटरचे आणि त्यांना जपणारे आवरण त्याहून जाड, असा मामला होतो. सेंद्रिय सौरघटांचेही तेच. प्रयोगशाळेत त्यांनी वीस टक्क्यांच्या आसपासची कार्यक्षमता गाठली आहे, पण विहिरीवरच्या सिलिकॉन पॅनेलसारखी पंचवीस वर्षांची हमी देणे त्यांना आज जमत नाही, आणि त्यात ओलीचा वाटा मोठा आहे.

मधला मिश्र लेप सुकवायलाही दुहेरी बंधच कामी येतात. त्याच्या रेणूंना टोकाला दुहेरी बंध ठेवलेले असतात. जवसासारखी ऑक्सिजनची वाट पाहत बसायला वेळ नसतो, म्हणून त्यावर इलेक्ट्रॉनचा झोत सोडतात. वेगवान इलेक्ट्रॉन बंध फोडतो, फुटलेली टोके शेजाऱ्यांना धरतात, आणि क्षणार्धात जाळे तयार. टर्पेंटाइन नको, भट्टी नको, ड्रायर नको. फर्निचरवरचे आणि छापील वेष्टनांवरचे काही लेप आज असे सुकवतात.

या झोतातले इलेक्ट्रॉन किती खोल जातील हे त्यांना दिलेल्या व्होल्टवर ठरते. एक लाख व्होल्टने ढकललेला इलेक्ट्रॉन पाण्याइतक्या घनतेच्या पदार्थात मिलिमीटरच्या सातव्या भागाच्या आसपास थांबतो. याच मोजमापातून ड्रेस्डेनच्या लोकांना शेतीची एक कल्पना सुचली, आणि वाशीमच्या वाचकाने लक्ष द्यावे असा भाग मला तो वाटतो. बियाण्यातून पसरणाऱ्या रोगांची बुरशी बहुधा बियाण्याच्या टरफलावर किंवा टरफलात असते, अंकुर खोल आत असतो. व्होल्ट असे बेतायचे की इलेक्ट्रॉन टरफल संपेपर्यंतच पोहोचावेत. बियाणे पातळ पडद्यासारखे वरून खाली सोडतात, दोन्ही बाजूंनी झोत लागतो, बुरशी मरते, अंकुराला झळ पोहोचत नाही. जर्मनीत गहू-बार्लीच्या बियाण्यासाठी ही पद्धत प्रत्यक्ष वापरात आली. बियाण्याला रसायन चिकटत नाही. पेरून उरलेले धान्य जनावरांना घालता येते, रासायनिक प्रक्रिया केलेले घालता येत नाही.

किरण म्हटले की आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राची आठवण होते, आणि वाशीमला तर ती जवळची आहे: अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासोबत त्या केंद्राने ‘टीएएमएस-३८’ आणि ‘टीएएमएस ९८-२१’ हे सोयाबीनचे वाण काढले. ते काम पूर्णपणे वेगळे. तिथे गॅमा किरण मुद्दाम अंकुरापर्यंत नेऊन जनुकांत बदल घडवायचे असतात. इथे अंकुराला हात न लावणे हीच अट.

सोयाबीनला ही पद्धत लावायची तर अडचणी निराळ्या आहेत. त्याचे टरफल पातळ आणि नाजूक. मळणीत जरा जास्त फेऱ्यांवर यंत्र चालवले, पोती आपटली, तरी उगवण घसरते, हे पेरणाऱ्याला माहीत आहे. यंत्रातून उंचावरून पडण्याचा मार त्याला किती सोसेल हे वाणागणिक तपासावे लागेल. झोताचा परिणामही त्या क्षणापुरता. बियाण्यावरची बुरशी मेली तरी पेरल्यानंतर मातीतली बुरशी गाठणारच, आणि कार्बोक्सिन-थायरमसारखे औषध काही दिवस तरी जे संरक्षण बियाण्याभोवती ठेवते ते इथे नसते. त्यामुळे झोत दिलेल्या बियाण्यालाही पेरणीपूर्वी ट्रायकोडर्मा आणि रायझोबियम चोळावेच लागेल. फायदा एवढा की टरफलावर बुरशीनाशक नसल्यामुळे त्या जिवाणूंना आणि मित्रबुरशीला मारणारे तिथे काही उरलेले नसेल.